पुराचे पाणी कुणाच्या रानात?



सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि गोदावरीच्या काठी काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हापासून बैठकीत एकच मागणी ऐकू येते : नदीला भिंत घाला, नाहीतर वर आणखी एक धरण बांधा. ज्याचे रान खरडून गेले त्याने ही मागणी करणे साहजिक आहे. पण भिंत काय किंवा धरण काय, दोघेही पुराची जागा आणि वेळ तेवढी बदलतात. एका काठाला भिंत घातली की समोरच्या काठाला पाणी चढते. दोन्ही काठांना घातली की नदी आवळली जाते, पातळी वाढते आणि भिंत संपते तिथल्या गावाच्या उरावर पाणी बसते. शिवाय आपल्याच शिवारातल्या ओढ्याचे पाणी भिंतीच्या आत तुंबते, ते वेगळेच. तेव्हा विचारायचे ते हे, की पाणी कुणाच्या रानात घालायचे हे कोण ठरवणार आणि त्याचा दाम कोण देणार?

या प्रश्नाचा निकाल अमेरिकेत मिसिसिपी नदीवर लागला, आणि लागला तो कापसाच्या मुलखात. तिथल्या सरकारी इंजिनियरांचा हेका असा, की नदीच्या दोन्ही काठांना उंच मातीचे बांध घालायचे, बाकी काही नको. पाण्याला पसरायला जागा ठेवायची नाही. १९२७ च्या एप्रिलमध्ये हे पूरबांध जागोजाग फुटले. सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. ग्रीनव्हिल गावाजवळ हजारो काळे शेतमजूर बांधावर अडकले. न्यायला बोटी आल्या, पण मळेवाल्यांनी मजुरांना चढू दिले नाही. एकदा गेलेला मजूर कापूस वेचायला परत येणार नाही, ही त्यांची भीती! (पुरात कोण बुडते आणि कुणाचा हिशेब चालतो, हे सगळीकडे सारखेच.)

त्याच महिन्यात, २९ एप्रिलला, न्यू ऑर्लिन्स शहर वाचवण्यासाठी शहराच्या खालच्या अंगाचा बांध सुरुंग लावून मुद्दाम फोडला. आग्रह शहरातल्या बँकवाल्यांचा. दहा हजारांच्या आसपास गरीब माणसांची घरेदारे पाण्यात गेली. भरपाईचे वचन दिले होते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती फार थोडे पडले.

यानंतर १९२८ मध्ये कायदा झाला, आणि तो आपण नीट समजून घ्यावा असा आहे. नदीला पसरायला ठराविक पट्टे राखले गेले. मिसुरी राज्यातल्या अशा एका पट्ट्यात जमीन शेतकऱ्याचीच राहिली, कसायचीही त्यानेच. मात्र गरज पडली तर तिच्यावर पाणी सोडण्याचा हक्क सरकारने आधी पैसे मोजून विकत घेतला आणि दप्तरी नोंदवला. पुढे २ मे २०११ च्या रात्री केरो हे गाव वाचवण्यासाठी त्या पट्ट्याचा बांध उडवला. एक लाख तीस हजार एकर रान पाण्याखाली गेले. जुन्या दामात नवे नुकसान भरून निघत नाही म्हणून शेतकरी कोर्टात गेले, आणि त्यांचे म्हणणे आम्हाला पटते. तरी निदान एवढे तिथे मान्य झाले होते, की शहराचा पूर रानात घेणे ही सेवा आहे आणि तिला किंमत आहे.

आता आपल्याकडे बघा. जायकवाडीची एकूण साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर. एवढे मोठे धरण वर असताना खाली पूर येतो कसा, असे लोक विचारतात. धरण पूर अडवते ते त्यात रिकामी जागा असेल तेवढाच. सिंचनाला, शहराला, कारखान्याला पाणी हवे म्हणून ते भरून ठेवायचे, आणि सप्टेंबरात काठोकाठ असताना वरून लोंढा आला की आला तेवढा खाली सोडायचा. ऑगस्ट २००६ मध्ये पैठण शहरात पाणी शिरले. २०२५ मध्ये सत्तावीसही दरवाजे उघडावे लागले. धरण वाचवायला दरवाजे उघडलेच पाहिजेत, त्यात वाद नाही. वाद हा, की कोणत्या तारखेला किती जागा रिकामी ठेवायची याचे वेळापत्रक काठच्या शेतकऱ्याला कोणी विचारून ठरवत नाही, आणि भरलेल्या धरणाचा फायदा घेणारा वेगळा, सोडलेल्या पाण्यात बुडणारा वेगळा.

नुकसान किती, तेही शेतकऱ्याच्या मापाने मोजा. बोंडे धरलेल्या कपाशीत दोन-तीन दिवस पाणी उभे राहिले की मुळांना हवा मिळत नाही. झाड मान टाकते, खालची बोंडे सडतात. भारी जमिनीला वाफसा येईपर्यंत रब्बी ज्वारीची पेरणी हुकते. म्हणजे एका पुरात दोन हंगाम गेले. वरचा थर खरडून गेला तर पुढची कित्येक वर्षे गेली. आणि आपत्ती निधीच्या २०२२ च्या निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये! हा निकष आभाळाच्या पुराचा आहे. दरवाज्यातून सोडलेल्या पुराला तो लावणे आम्हाला मान्य नाही.

म्हणून भिंतीच्या मागणीआधी जिल्ह्याच्या बैठकीत हा ठराव घ्यावा : धरणाचे पावसाळी वेळापत्रक जूनच्या आत प्रत्येक काठच्या ग्रामपंचायतीत लावा, कोणतीही पूरभिंत बांधण्याआधी तिने पाणी कुठल्या शिवारात सरकेल त्याचा नकाशा दाखवा, आणि त्या शिवाराशी दामाचा लेखी करार आधी करा.

बैठकीला येताना काठच्या गावांनी सातबारा आणावा. पाणी रानात कोणत्या दिवशी, किती वाजता शिरले, कुठल्या झाडापर्यंत चढले आणि कधी उतरले, ते एका कागदावर लिहून आणावे. दरवाजे उघडल्याच्या सरकारी वेळा आम्ही मागवतो आहोत. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू.