पावसातले आजोळ

मंठा-जिंतूर रस्त्यावरून सेलूकडे वळण्याची जागा म्हणजे देवगाव फाटा. दुतर्फा दुकाने, चहाच्या टपऱ्या, खत-बियाण्यांचे फलक. वाहनातून जाणाऱ्यास तेथे थांबावेसे वाटेल असे फारसे काही नाही. तरीही न्यू जर्सीत वाढणाऱ्या दोन मुलांचे आजोळ येथे आहे. मामा नोकरीनिमित्त पुण्यास, आजोबा हयात नाहीत, दुकान भाड्याने दिलेले, आणि मागच्या घरात आजी एकटी. आपल्या समाजात अशी आजोळे आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत.

या आजोळाची पहिली अडचण पंचांगाची. अमेरिकेतील त्या भागात शाळांना सुट्टी लागते ती जूनच्या उत्तरार्धात, म्हणजे मराठवाड्याचा उन्हाळा सरल्यावर. आईने मुलांना वर्णन करून सांगितलेले आजोळ मात्र मे महिन्यातले असते. आढीतले आंबे, गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया आणि त्यांच्या राखणीस बसलेली भावंडे, सेलू स्थानकावर मीटरगेजच्या गाडीतून उतरणाऱ्या मावश्या, रात्री ओळीने घातलेली अंथरुणे. मुले येतात तेव्हा आंबा संपलेला असतो, गच्चीवर शेवाळ धरलेले असते, आणि अंगणापासून रस्त्यापर्यंत काळ्या मातीचा चिखल. “मम्मी, तू सांगितलेलं घर हे नव्हे,” असे धाकट्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

आजीला हे म्हणणे मान्य नाही. तिच्या लेखी घर खरे घर होते ते चातुर्मासात. पालेभाज्या बंद होतात. पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7 दिवसांची, उन्हाळ्यात 5 दिवसांची. पावसाळ्यात ती 3 दिवसांवर येते, म्हणून दर चौथ्या दिवशी घरघंटी लागते. हे काम यंदा नातवंडांकडे आले. नात दळण निवडून टाकी आणि नातू डब्यावर तारीख लिहून ठेवी. एके दिवशी मुदत टळलेले वाटीभर पीठ त्याने स्वतःहून बाजूला काढले आणि आजीला नेऊन दाखविले. आजी त्या दिवशी शेजारणीकडे दोनदा जाऊन आली.

पाणी गाळण्याची गोष्ट मात्र अपुरीच राहिली. मुलांच्या आईच्या लहानपणी परसात विहीर होती. दुहेरी कापडातून पाणी गाळावे, कापडावर राहिलेली जीवाणी गाळलेल्या पाण्याने धुऊन त्याच विहिरीत हलकेच परत सोडावी, हा रोजचा क्रम. आता पाणी बोअरचे. कापड तेच आहे, गाळणेही चालू आहे. परंतु ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात पोहोचविण्याची वाट बंद झाली आहे. “मग आजी, ते कुठे जातात?” या नातीच्या प्रश्नावर दोघी मोठ्या गप्प राहिल्या.

जिंतूरजवळच्या नेमगिरीचे दर्शन झाले. बारा दिवसांत चौदा क्षेत्रे दाखवून मुलांवर संस्कार करू पाहणारे पालक अलीकडे पुष्कळ दिसतात; ते शाखा तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यासारखे येतात, शेरा मारून निघून जातात. या कुटुंबाने तेवढे एकच क्षेत्र केले आणि तेथे अख्खा दिवस काढला, हे योग्यच झाले.

“आई, आता कायमची आमच्याकडे चल,” हा विषय दर भेटीत निघतो. आजी एकदा सहा महिने राहून आलेली आहे. ब्लेअर्सटाउन येथील सिद्धाचलम, आचार्य सुशीलकुमारांनी 1983 मध्ये स्थापिलेले तीर्थ, तिने पाहिले आणि ते तिला मनापासून आवडले. अडचण सूर्यास्ताची झाली. परभणीकडे डिसेंबरचा आणि जूनचा सूर्यास्त यांत जेमतेम सव्वा तासाचे अंतर. न्यू जर्सीत डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनमध्ये साडेआठला. हिवाळ्यात मुले शाळेतून परतेपर्यंत तिची संध्याकाळच्या जेवणाची वेळ होऊन जाई. जावई आणि मुलगी कामावरून येत तेव्हा बाहेर काळोख आणि आजीचे पाणीही बंद झालेले. भरल्या घरात तिने तो हिवाळा एकटीने जेवून काढला. तक्रार केली नाही. फक्त यंदा म्हणाली, “माय, इथं मी एकटी जेवते ते समजतं. तिथं का जेवावं एकटीनं?”

मग तिने आपली मागणी पुढे ठेवली. मी येत नाही. पोरांना दशलक्षणापर्यंत ठेव.

गेल्या वर्षी, 2024 मध्ये, दशलक्षण 8 सप्टेंबरला सुरू झाले होते. यंदा ते 28 ऑगस्टलाच आले, अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरची. तेथील शाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर उघडते; म्हणजे बुडणार होते ते सुरुवातीचे मोजके दिवस. परंतु परतीची तिकिटे मध्य ऑगस्टची काढलेली, आणि तारीख बदलण्याचा भुर्दंड थोडाथोडका नव्हता. व्यापारी घरात हिशेब झाल्यावाचून निर्णय होत नाही. जमाखर्च मांडून झाल्यावर नातू वडिलांबरोबर परत गेला. नात आणि तिची आई राहिल्या. नातीने चतुर्दशीस एकाशन केले. दुपारनंतर तिला भूक लागली, ती रडलीही. आजीने नियम मोडण्यास सांगितले नाही आणि पाळण्याचा आग्रहही केला नाही, नुसती जवळ बसून राहिली.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे दशलक्षण सप्टेंबरच्या मध्यावर जाते. तोवर शाळा सुरू होऊन सुमारे आठवडा उलटलेला असेल. आजीने ते दहा दिवस आतापासूनच लिहून ठेवले आहेत. मुलीने शाळेस अद्याप विचारलेले नाही.