हसण्याचा रोख आणि प्रेक्षकाचा कौल

राज्यकर्त्यांना हसण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तमाशाच्या वगातील सोंगाड्या राजाचीही टर उडवीत असे आणि समोर बसलेली गावातील बडी मंडळी ती निमूटपणे ऐकून घेत. अलीकडे ही जागा दूरचित्रवाणीवरील विनोदी वार्तापत्रांनी घेतली आहे. त्यांच्याविषयी प्रेक्षकांची मते मात्र टोकाची आढळतात. कोणाला ती गंभीर बातमीपत्रापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतात, तर कोणाला निव्वळ थिल्लरपणा. या वादाची दोन उदाहरणे आपल्या हैदराबादनेच पुरविली आहेत.

पहिले उदाहरण ‘व्ही सिक्स’ या तेलुगू वाहिनीवरील ‘तीनमार’चे. बोनालूच्या मिरवणुकीत वाजणारा तीनमार आपल्या परिचयाचा आहेच. तेलुगू चित्रपटांनी तेलंगणाची बोली दीर्घकाळ खलनायकाच्या किंवा विदूषकाच्या तोंडी घातली होती. या वार्तापत्रात त्याच बोलीतून बातम्या सांगितल्या गेल्या. ‘बित्तिरी सत्ती’ हे भोळसट खेडुताचे पात्र घराघरांत पोहोचले. ज्या बोलीला लोक हसत, तीच बोली आता पुढाऱ्यांना हसू लागली. आपल्यापैकी अनेकांच्या घरची बोली मराठवाड्याची आहे. पुण्या-मुंबईत तिला मिळणारे हसू ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या बदलाचे मोल सांगावयास नको.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट. जून 2014 मध्ये तेलंगण राज्य नुकतेच अस्तित्वात आले होते. ‘टीव्ही नाइन’च्या ‘बुलेट न्यूज’ या कार्यक्रमाने नव्या आमदारांची टिंगल करताना तेलंगणाच्या भाषेचा व राहणीचा उपमर्द केला, असा आक्षेप घेण्यात आला. विधानसभेत संताप व्यक्त झाला, वाहिनीने दिलगिरीही प्रदर्शित केली. तरीही केबलचालकांनी ‘टीव्ही नाइन’ आणि ‘एबीएन आंध्र ज्योती’ या दोन वाहिन्यांचे प्रक्षेपण बंद केले व ते काही महिने बंदच राहिले. माझ्या मते येथे दोन अन्याय घडले. आमदाराच्या कारभाराऐवजी त्याच्या उच्चाराला हसणे हा पहिला. त्या हसण्याला शिक्षा म्हणून लाखो प्रेक्षकांच्या घरातील पडदा काळा करणे हा दुसरा, आणि तो अधिक गंभीर. कार्यक्रम रुचला की नाही, हे सांगण्याची संधीच प्रेक्षकाला उरली नाही.

बालरोगतज्ज्ञाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. मुले नकलेतून शिकतात. पडद्यावर बोबडे बोलणे, तोतरेपणा, स्थूल शरीर किंवा गावंढळ उच्चार यांवर हशा पिकला, की दुसऱ्या दिवशी वर्गात तीच नक्कल होते. तोतरे बोलणाऱ्या मुलाला हसले गेले, की ते बोलणेच टाळू लागते. म्हणून विनोदाची परीक्षा मी एकाच प्रश्नाने करतो : हसण्याचा रोख कोणाकडे आहे? सत्तेकडे असेल तर तो बोचरा असला तरी स्वागतार्ह. दुबळ्याकडे असेल तर तो सौम्य असला तरी निंद्य.

हा निकष आपल्या व्यवसायालाही लागू आहे. मे 2012 मध्ये ‘सत्यमेव जयते’ने वैद्यकीय क्षेत्रातील गैरप्रकारांवर एक भाग प्रसारित केला. तो काही विनोदी कार्यक्रम नव्हता. तरीही डॉक्टरांच्या संघटनेने क्षमायाचनेची मागणी केली. त्यात एकांगीपणा होता, असे अनेक सहकाऱ्यांचे मत होते आणि ते मांडण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. परंतु रुग्णाच्या दृष्टीने सत्ता आपल्या हाती असते. उद्या एखाद्या वार्तापत्राने कमिशनवर किंवा अनावश्यक तपासण्यांवर प्रहसन केले, तर क्षमायाचना मागण्याऐवजी त्यातील आरोपाला आकडेवारीने व आचरणाने उत्तर द्यावे, हे आपल्याला अधिक शोभेल.

प्रेक्षक म्हणून आपल्या हाती साधने आहेत. कार्यक्रम न पाहणे, वाहिनीला पत्र लिहिणे, तक्रारीची रीतसर वाट चोखाळणे, आणि घरात मुलांसह पाहताना ‘आपण आत्ता कोणाला हसलो?’ असे त्यांना विचारणे. या शेवटच्या प्रश्नाला मुले आश्चर्यकारक नेमकी उत्तरे देतात. विनोद बंद पाडण्यापेक्षा तो पारखण्याची सवय मुलांना लावणे अधिक कष्टाचे आहे, पण ते काम केबलचालकांवर सोपविता येणार नाही.