शिष्याने गुरूस प्रश्न करावा काय?

मे महिन्याच्या सुटीत पनवेल स्थानकावरून कोकणची गाडी धरून आपल्या खांदा कॉलनीतील पुष्कळ कुटुंबे मालवणास जातात. हल्ली तेथे किल्ल्याबरोबर 'स्कूबा'चीही हौस असते. म्हणजे पाठीवर दाबलेल्या हवेचा सिलिंडर घेऊन समुद्रात उतरणे. (ती हवा साधीच असते, निव्वळ प्राणवायू नव्हे.) जवळच तारकर्लीस ही विद्या रीतसर शिकविणारी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची संस्था आहे. गतवर्षी मालवणाहून परतलेला एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, श्वास कोंडू नकोस, एवढेच तिथल्या दादांनी बजावले. का, ते मी विचारले नाही. रागावले असते तर?"

हे शब्द मला फार लागले. ती भीती त्यास समुद्राने शिकविली नव्हती. आम्ही वर्गात शिकविली होती.

त्या 'का'चे उत्तर सोपे आहे. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे भरून घेतलेला श्वास कोंडून वर आल्यास तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटते व प्राणावर बेतते. हे ज्यास उमगले तो घाबरला तरी श्वास सोडील. ज्याने केवळ आज्ञा पाठ केली तो श्वास कोंडूनच वर धाव घेईल, कारण उपजत बुद्धी तसेच सांगते.

कोणी म्हणेल, नियम तज्ज्ञांचे. पोराने त्यांची चिकित्सा काय करावी? वर येण्याचा वेग मिनिटास ६० फूट असावा, असे अमेरिकन नौदलाचे कोष्टक १९५० च्या दशकापासून सांगत असे. हा आकडा प्रयोगातून नव्हे, तडजोडीतून निघाला होता. मोकळ्या पाणबुड्यांना १०० फूट हवे होते, जड शिरस्त्राण घालणाऱ्यांना तो वेग अशक्य. सेकंदास एक फूट मोजावयास सोपे, म्हणून ६०! १९९३ साली त्याच नौदलाने तो ३० वर आणला. सर्वांनीच बाबावाक्य प्रमाण मानले असते तर तो ६० च राहता.

तथापि प्रश्नालाही स्थळकाळ आहे. पाण्याखाली बोलणे नाही, खुणा आहेत. तेथे अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. ही खूण नवशिक्याने केली तरी गुरूने मुकाट्याने मानावयाची. कारण मागाहून विचारावयाचे. उतरण्यापूर्वी जोडीदारांनी परस्परांची हवा व पट्टे तपासावयाचे. शिष्य गुरूचा पट्टा ओढून पाहतो आणि गुरूचा अपमान होत नाही, ही रीत मला फार आवडते. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत व प्रश्न करीत होता, असे लूक लिहितो. कोणी त्यास उद्धट म्हटल्याचे लिहीत नाही.

पालकहो, मे २०२२ मध्ये तारकर्लीनजीक स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटून दोघे दगावले. जीवरक्षक जाकीट कोठे आहे, प्रशिक्षकाकडे कोणते प्रमाणपत्र आहे, एका वेळी तो किती जणांस नेतो, हे किनाऱ्यावरच विचारावे, व मुलांसमक्ष विचारावे.

त्या विद्यार्थ्यास मी सारे गणित फळ्यावर मांडून दाखविले. त्याने लगेच विचारले, "आणि ५ मीटरवरून आलो तर?" दीडपट, हे त्याने स्वतःच काढले. "म्हणजे उथळ पाणीही निर्धोक नाही, सर." हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते.