शिबंदी निवडताना

दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाजारातून आणलेली चित्रे नातवंडे मांडत असतात, तेव्हा घरातील आजोबांना बहुधा खुर्चीवर बसवून केवळ पाहावयास सांगितले जाते. माझी काळजीवाहकांना विनंती आहे की, या वर्षी चित्रांची निवड आजोबांकडे सोपवावी.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा उजवा हात अर्धांगवायूनंतर दुबळा झाला आहे. चेंडू दाबण्याचा व्यायाम त्यांना नकोसा वाटतो. मात्र मावळ्यांचा विषय निघाला की ते सरळ बसतात. बाजारातील सारे मावळे एकाच साच्यातून निघालेले, एकाच रंगाच्या पागोट्याचे असतात. शिवकाळी सर्वांना सारखा गणवेश नव्हता. बारगिराला घोडा सरकारी मिळे, शिलेदार मात्र घोडा व हत्यारे स्वतःची आणी. (प्रारंभीच्या रोमन सैन्यातही नागरिक ऐपतीप्रमाणे शस्त्रे आणीत.) तेव्हा शिलेदार एकमेकांसारखे दिसता कामा नयेत. काहींच्या हाती भाला, काहींच्या हाती तोड्याची बंदूक असावी. शिरस्त्राण घातलेला प्लास्टिकचा आधुनिक सैनिक बुरुजावर दिसला, तर आजोबांनी त्याला खुशाल खाली उतरवावे.

संख्येचाही हिशेब आहे. पायदळात 9 पाइकांवर एक नाईक, 5 नाईकांवर एक हवालदार. म्हणजे दहा चित्रांत एक तुकडी पुरी होते. तेवढी रंगविणे दुबळ्या हातालाही झेपते. घोडदळात 25 बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाणी पुरविणारा पखालजी मला फार आवडतो. बाजारात तो सहसा मिळत नाही. तो घरीच मातीचा करावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आमच्या कोसबाडच्या टेकडीवर माती, पाने, बिया यांतूनच बालशिक्षणाची साधने घडविली; आजोबांच्या बोटांनाही तीच माती चालेल. मऊ माती मळणे, चिमटीने पखालीचे तोंड वळविणे हा हाताचा उत्तम व्यायाम आहे.

चित्र चार-पाच इंच उंचीचे घ्यावे. फार लहान चित्र संधिवाताच्या बोटांत टिकत नाही, मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नाही. कुंचल्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा. रंग पाण्यात मिसळणारे असावेत. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते आणि नातवंडांची बोटे तोंडात जातात. मधुमेहाने हात बधिर झालेल्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिस कालवू नये, ते घट्ट होताना तापते. किल्ला अंगणातील जमिनीऐवजी ओट्यावर किंवा भक्कम टेबलावर रचावा. रक्तदाबाची औषधे घेणारी व्यक्ती उकिडव्या बैठकीतून एकदम उठली, तर भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो, आणि या वयात मांडीचे हाड मोडणे म्हणजे काय ते घराघरांना ठाऊक आहे.

स्मृती मंदावलेल्या आजी-आजोबांसमोर वीस चित्रे एकदम मांडू नयेत. दोनच ठेवावीत. “हा कोण, ओळखा पाहू?” असे तर मुळीच विचारू नये. दिवसभर घरचे लोक त्यांची अशीच परीक्षा घेत असतात आणि प्रत्येक चुकीगणिक ती व्यक्ती अधिक मिटत जाते. “आजोबा, दरवाजावर यांपैकी कोणाला उभे करू?” असे विचारावे. कोणतेही उत्तर बरोबरच असते. त्यांनी नालबंदाला दरवाजावर नेमले, तर तो तेथेच राहू द्यावा.