संशयाचे बेट

रहस्यकथा म्हणजे आगगाडीच्या प्रवासात वेळ काढण्याची वस्तू, असे मानणाऱ्या विद्वानांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. परंतु काही रहस्यकथा प्रवास संपला तरी वाचकाची सोबत सोडीत नाहीत. अगाथा ख्रिस्तीबाईंची, १९३९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडात प्रसिद्ध झालेली आणि पुढे 'अँड देन देअर वेअर नन' या नावाने जगभर गाजलेली कादंबरी त्यांपैकी एक होय. राजा नवाथे यांच्या १९६५ सालच्या 'गुमनाम' या हिंदी चित्रपटाने तिचाच धागा उचलला होता. तेव्हा मूळ पुस्तक न वाचलेल्यांनाही कथेची तोंडओळख असेल.

डेव्हन परगण्याच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर आठ पाहुणे आणि नोकरपणा करणारे एक जोडपे, अशी दहा माणसे जमतात. यजमान मात्र येतच नाही. रात्रीच्या जेवणानंतर ग्रामोफोनची तबकडी वाजू लागते आणि प्रत्येकाचे नाव घेऊन त्याच्यावर मनुष्यहत्येचा आरोप ठेवते. किनाऱ्यावरून होडी येईनाशी होते, समुद्र खवळतो, आणि एकेक माणूस मरू लागतो. बेटाचा कानाकोपरा धुंडाळला जातो. लपून बसलेला कोणी सापडत नाही. येथेच कथेला खरे वळण लागते. तोवर भीती बाहेरच्याची होती. आता ती शेजारच्या खुर्चीत येऊन बसते.

मग बंदोबस्त सुरू होतो. निवृत्त न्यायमूर्ती वॉरग्रेव्ह यांच्या सांगण्यावरून औषधे एका पेटीत बंद होतात आणि ती पेटी कपाटात जाते. पेटीची किल्ली एकाकडे, कपाटाची दुसऱ्याकडे. म्हणजे एकट्याच्याने काही व्हावयाचे नाही! दिवाणखान्यातून एका वेळी एकानेच उठावे, बाकीच्यांनी बसून राहावे, असाही नियम ठरतो. व्यवस्था चोख खरी. पण कुलुपाने विश्वासाची उणीव भरून निघत नाही. जितका पहारा कडक, तितकी प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या हातावर अधिक खिळते. कालपर्यंत सभ्यतेने चहाचा पेला पुढे करणारी माणसे आज त्याच पेल्याकडे साशंक होऊन पाहतात.

हा संशय इतक्या झपाट्याने का वाढतो? आमच्या मते त्याचे कारण खुनी इसमाच्या चातुर्याइतकेच पाहुण्यांच्या मनातही आहे. जवळजवळ प्रत्येकापाशी झाकून ठेवलेले एक पाप आहे. आपण वरून संभावित दिसत असूनही काय करू शकलो, हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याला दुसऱ्याच्या संभावितपणावर भरवसा ठेवणे कठीणच जाते. याच्या उलट उदाहरण वृद्ध जनरल मॅकआर्थर यांचे. पत्नीच्या प्रियकराला आपण जाणूनबुजून लढाईत मृत्यूच्या तोंडी धाडले, हे ते अखेर मोकळेपणाने बोलून दाखवितात, आणि मग समुद्राकडे पाहत शांतपणे बसून राहतात. मृत्यू त्यांना चुकत नाही. पण इतरांना पोखरणारा संशय त्यांच्या वाट्याला येत नाही.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या वाचकाला संकटसमयी कोणी झुंजार धावून येण्याची सवय. ख्रिस्तीबाईंनी येथे आपल्या हर्क्युल पॉयरोलाही बेटावर पाऊल टाकू दिलेले नाही. संशयाचे निरसन करणारा त्रयस्थ कोणी नाही. जो न्याय करील तोही संशयितच. खुनी कोण, हे सांगून नव्या वाचकाचा आनंद आम्ही हिरावून घेणार नाही. एवढेच सांगतो की, शेवटाकडे एक मृत्यू असा घडतो की, तेथे खुनी इसमाला बोटही उचलावे लागत नाही. त्याचे काम दुसराच हात करून टाकतो, आणि त्या हाताला बळ देतो तो केवळ अविश्वास.

या कथेला निव्वळ करमणूक म्हणून बाजूस सारणे आम्हांला म्हणूनच पटत नाही. असे बेट समुद्रातच असावे लागते असे नाही. एका छपराखाली राहणारी माणसे एकमेकांशी मोकळे बोलणे टाकून किल्ल्या मोजू लागली, म्हणजे घराभोवती पाणी चढू लागले असे समजावे. भावाभावांच्या वाटण्या, संस्थांचे कारभार, जुन्या स्नेह्यांतील अबोले, हे सारे पुष्कळदा एखाद्या न उच्चारलेल्या कबुलीपाशी येऊन अडलेले असते. ती कबुली वेळीच दिली, तर पहाऱ्याची गरज उरत नाही. बेटावरील दहाजणांना परतीची होडी मिळाली नाही; आपल्याला ती अजून मिळण्यासारखी आहे.