विना इंधनाचं विमान : चढणीचा खर्च कोण देतो?

मंडळी, मागच्या आठवड्यात आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक प्रश्न आला : फुग्यासारखं वर जाणारं, घारीसारखं तरंगत खाली येणारं आणि इंधन न लागणारं विमान होऊ शकेल का? लगेच दोन तट पडले. एक म्हणे, या सगळ्या थापा. दुसरा म्हणे, त्यात नवल काय, आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 सालीच चौपाटीवर विमान उडवलं होतं! मी आयुष्यभर मराठी शिकवलं, विज्ञान नाही. तरी मला दोन्ही उत्तरं पटली नाहीत. कारण हिशेब कुणीच मांडला नाही.

आधी कल्पना समजून घेऊ. हलका वायू भरलेलं, पंख असलेलं एक धूड. ते आपोआप वर चढतं. वर गेल्यावर आतल्या पिशवीत बाहेरची हवा पंपाने दाबून भरायची. वजन वाढलं की ते खाली येऊ लागतं, पण पंखांमुळे धपकन न पडता पुढे घसरत येतं. मग ती हवा सोडून द्यायची, की पुन्हा वर. अशी नागमोडी वाट.

ही थाप नाही. समुद्रात हे रोज चालतं. 2016 च्या पावसाळ्यात भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘सिंधु साधना’ जहाजावरून बंगालच्या उपसागरात असेच ग्लायडर सोडले होते. थोडं तेल आतून बाहेरच्या फुग्यात ढकललं की यंत्र वर येतं, परत आत घेतलं की बुडतं, आणि पंख त्याला पुढे नेतात. काम काय, तर मान्सूनचा अभ्यास. पऱ्हे टाकून आभाळाकडे डोळे लावणाऱ्या आमच्या तिरोड्याच्या धानकऱ्याला हे परकं वाटू नये.

मग हवेत अडचण कुठे? एक घनमीटर पाणी 1000 किलो भरतं, तेवढीच हवा जेमतेम सव्वा किलो. म्हणजे पाण्यात चिमूटभर फरकाने जे साधतं, त्यासाठी हवेत डोंगराएवढा आकार लागतो. शाळेचा एक वर्ग घ्या, वीस बाय वीस फूट, उंची दहा फूट. साधारण 113 घनमीटर. तो सगळा हीलियमने भरला तर उचलणार सुमारे 115 किलो, आणि त्यातच कापड, पंख, पंप, बॅटरी सगळं आलं! माणूस बसवायचा कुठे?

हा नुसता कागदी हिशेब नाही. 2019 साली इंग्लंडात पोर्टस्मथ इथे ‘फिनिक्स’ नावाचं असं विमान खरंच उडालं. लांबी 15 मीटर, वजन 120 किलो. एका मोठ्या बंदिस्त शेडमध्ये ते 120 मीटर गेलं. म्हणजे तत्त्व खरं ठरलं. पण शेडमध्ये वारा नव्हता, हे विसरू नका. आमच्याकडच्या मे-जूनच्या वावटळीत एवढं मोठं आणि एवढं हलकं धूड कुठल्या बांधीत जाऊन पडेल, देव जाणे.

आणि ‘विना इंधन’चं म्हणाल तर तेही पुरतं खरं नाही. गुरुत्वाकर्षण फुकट आहे, पण ते खाली नेतं एकदाच. पुढच्या फेरीसाठी पंप चालवावा लागतो, त्याला वीज लागते. ‘फिनिक्स’वर ती सौरपट्ट्यांमधून येते. आपली घार तरी पंख न हलवता वर कशी चढते? तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेवर. तिथेही चढणीचा खर्च सूर्यच देतो.

आता तळपदे. हौशी, अभ्यासू माणूस, आदर आहेच. पण त्या उड्डाणाचा खात्रीचा पुरावा मिळत नाही. त्या गोष्टीसोबत ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला देतात, तो ग्रंथ 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडू न शकणारी, असा त्यांचा निष्कर्ष. अभिमान जरूर असावा, पण तो पुराव्याच्या जागी बसवू नये.

माझं मत विचाराल तर प्रवासी नेणारं असं विमान मला शक्य दिसत नाही. मात्र शांत हवेत, संथपणे, माणसाशिवाय तासन् तास टेहळणी करायला ते उपयोगी पडेल. नागझिऱ्याच्या जंगलातला वणवा वरून लवकर दिसला तर काय वाईट?

पण मला खरी काळजी विमानाची नाही, प्रश्न विचारणाऱ्या पोराची आहे. ‘थापा आहेत’ म्हटलं की ते गप्प बसतं. ‘आपल्याकडे होतंच’ म्हटलं की खूश होऊन गप्प बसतं. दोन्हीकडून गप्पच! त्यापेक्षा त्याच्या हातात टेप द्या आणि वर्ग मोजायला सांगा. उत्तर ‘नाही’ आलं तरी ते त्याचं स्वतःचं असेल.

असो. तुमचा हिशेब वेगळा येत असेल तर जरूर कळवा.