पायाशी पडलेली बहीण

झाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराचे 1784 सालचे प्रसिद्ध चित्र पाहून नातीने विचारले, ‘‘आजोबा, या बायका का रडतात?’’ रोमसाठी लढायला निघालेले तीन भाऊ बापासमोर शपथ घेताहेत; कोपऱ्यात बायका मान टाकून बसल्या आहेत.

उत्तर त्याच पुस्तकात, दाविदने आधी शाईने काढलेल्या एका रेखाटनात आहे. म्हातारा होरेशियस जमावापुढे विजयी मुलाची बाजू मांडतो आहे. पायाशी मुलीचे प्रेत. तिचे लग्न शत्रुपक्षातल्या तरुणाशी ठरले होते. भावाने त्याला लढाईत मारले, तिने आक्रोश केला, म्हणून तिलाही भोसकले. लोकांनी भावाला सोडून दिले.

बँकेत जन्मभर कागद तपासले; खाडाखोड दिसली की मी थांबतो. हा खून रोमन इतिहासकार लिव्हीने लिहून ठेवला आहे. शपथ त्याच्याकडे नाहीच! तरी भिंतीवर आली ती शपथ. चित्रकाराला एकच क्षण निवडावा लागतो, हे मान्य. पण निवडला कोणता?

नातीला ते रेखाटन दाखवावे का, यावरून घरात दोन दिवस वाद झाला. मी दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आणि बाबांनी कुणाची बाजू घेतली?’’